हिवाळी कार रॅली : बर्फात हौशी स्पर्धकांचा कस वेगावर लागत नाही, हिशेबावर लागतो

रॅली म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो मोर्चा, प्रचारफेरी, नाहीतर झेंडे लावलेल्या दुचाक्यांची रांग. युरोपात जानेवारी-फेब्रुवारी उजाडला की रॅली या शब्दाचा अर्थ बदलतो. दोन माणसं, एक गाडी, हातात घड्याळ आणि समोर बर्फाने भरलेला घाट. त्यातल्या नामांकित चालकांची नावं टीव्हीवर दिसतात. पण त्यांच्यामागे, यादीच्या शेवटच्या पानांवर, वर्षभर दुकान, दवाखाना किंवा नोकरी सांभाळून आठवडाभराची रजा टाकून आलेली माणसंही असतात. ही माणसं नेमकी काय करतात, त्यांना बक्षीस कशाचं मिळतं आणि ती कुठे हरतात, हे समजून घेण्यासाठी मोंटे कार्लोची रॅली सर्वांत सोयीची. हौशी स्पर्धेचा मूळ साचा तिथेच तयार झाला आणि आजही तो तिथे शाबूत आहे.

आधी एक फरक लक्षात घ्यायला हवा. रॅली दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात रस्त्याचा तुकडा वाहतुकीला बंद करतात आणि जो कमीत कमी वेळात तो पार करेल तो पुढे. जागतिक अजिंक्यपदाच्या रॅली या प्रकारच्या. तिथे गाडीत लोखंडी पिंजरा लागतो, हेल्मेट लागतं आणि पैसाही तसाच लागतो. दुसऱ्या प्रकारात रस्ता सर्वांसाठी खुला असतो, सरासरी वेग आयोजक ठरवून देतात आणि तो वेग सेकंदाच्या हिशेबाने पाळायचा असतो. उशीर झाला तर दंड, आणि लवकर पोहोचलात तरी दंडच. हिला नियमितता रॅली म्हणतात. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या वाहनप्रेमींना ती टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स या नावाने माहीत आहे. हौशी माणसाचं खरं मैदान हे दुसरं.

सुरुवात मौजेची होती

मोंटे कार्लो रॅली १९११ साली सुरू झाली. हेतू साधा आणि थोडा व्यापारी होता. हिवाळ्यात युरोपातल्या श्रीमंतांनी मोनॅकोत यावं, हॉटेलं आणि कॅसिनो भरावेत. वेगवेगळ्या शहरांतून निघायचं आणि सर्वांनी मोनॅकोत येऊन मिळायचं, अशी रचना होती. पहिल्या वर्षी आँरी रुजिये हा तुर्का-मेरी गाडी घेऊन जिंकला. तेव्हा गुण फक्त वेळेला नव्हते. प्रवाशांची सोय कशी आहे, गाडी दिसते कशी, पोहोचल्यावर ती कोणत्या अवस्थेत आहे, यालाही गुण होते. आज हे वाचून हसू येतं. पण बर्फातून हजार-दीड हजार किलोमीटर आलेली गाडी धडधाकट असणं ही त्या काळात खरोखरच मोठी परीक्षा होती. पुढच्याच वर्षी आंद्रेई नागेल याने रुसो-बाल्ट गाडी सेंट पीटर्सबर्गहून, म्हणजे रशियाच्या ऐन हिवाळ्यातून, मोनॅकोपर्यंत आणली.

जितक्या लांबून आणि जितक्या अवघड वाटेने याल तितका मान जास्त, ही कल्पना पुढे बराच काळ टिकली. १९३१ साली डोनाल्ड हीली नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरहून निघून जिंकला. १९३६ साली रुमानियाचे पेत्रे क्रिस्तेया आणि इयोन झामफिरेस्कू ग्रीसमधल्या अथेन्सहून निघाले, बाल्कनचा चिखल आणि बर्फ तुडवत आले आणि जिंकले. १९५२ साली सिडनी अलार्ड हा गाडी बनवणारा गृहस्थ स्वतःच्या नावाची गाडी स्वतः चालवून पहिला आला. त्या वर्षी दुसरा होता स्टर्लिंग मॉस. सर्किटवरचा तो नावाजलेला चालक, पण मोंटे कार्लो रॅलीत पहिल्यांदाच उतरला होता.

कारखान्यांनी पगारी चालक उतरवले, मेकॅनिकांच्या टोळ्या पाठवल्या, तसं चित्र पालटलं. तरीही १९६५ ची रॅली हौशी मंडळी आजही आठवतात. हिमवादळ असं झालं की निघालेल्या २३७ गाड्यांपैकी जेमतेम ३५ मोनॅकोत पोहोचल्या. टिमो मॅकिनेन मिनी कूपर घेऊन जिंकला आणि एकही दंडगुण न घेता आला. दुसरा आलेला ऑयगेन ब्योरिंगर हा जर्मनीतल्या श्टुटगार्टचा हॉटेल-व्यावसायिक. त्याच्या मागे कारखान्याचं बळ होतं हे खरं, पण पेशा हॉटेलचाच. तिसरी आली पॅट मॉस-कार्लसन. ती स्टर्लिंग मॉसची बहीण, आणि त्या काळातल्या भल्याभल्या पुरुष चालकांना तिने मागे टाकलं होतं. पुढच्याच वर्षी, १९६६ ला, पहिल्या तीन आलेल्या मिनी गाड्या हेडलाइटच्या नियमावरून बाद झाल्या आणि विजय सित्रोएन चालवणाऱ्या पाउली टोइवोनेनला मिळाला. निकालावर वाद आजही होतो. मात्र हौशी स्पर्धकाने त्यातून घ्यायचं ते एवढंच की नियमपुस्तिका निघण्याआधी शेवटच्या पानापर्यंत वाचायची. दिव्याच्या बल्बवरून जिंकलेली रॅली हातची गेली, हे फक्त दंतकथेत घडलेलं नाही.

जुन्या गाड्यांची नवी रॅली

जुन्या साच्याची रॅली मोनॅकोच्या त्याच ऑटोमोबाइल क्लबने १९९८ पासून 'रॅली मोंटे कार्लो इस्तोरिक' या नावाने पुन्हा उभी केली. पूर्वीच्या मोंटे कार्लो रॅलीत ज्या प्रकारच्या गाड्या धावल्या, त्याच प्रकारच्या गाड्यांना प्रवेश. त्यामुळे रस्त्यावर दिसतात त्या मिनी, साब ९६, व्होल्वो अॅमेझॉन, लान्शिया फुल्विया, रेनो ८ गोर्डिनी, अल्पीन, जुन्या पोर्शे, अधूनमधून एखादी बीटलसुद्धा. काही शे गाड्या उतरतात. ग्लासगो, ऱ्हँस, बाद होम्बुर्ग, बार्सिलोना, ओस्लो अशा शहरांतून वेगवेगळ्या वर्षी सुटका झाली आहे. ग्लासगोवाल्याला समुद्र ओलांडावा लागतो, ओस्लोवाल्याला निम्मं युरोप. सगळे फ्रान्समध्ये एकत्र येतात आणि मग आल्प्सच्या पायथ्याचे घाट सुरू होतात.

ठरवून दिलेली सरासरी ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही. ऐकून कोणी म्हणेल, यात काय मोठं? चोर्ला घाटातून किंवा आंबोलीतून भर पावसात, धुक्यात, रात्री गाडी काढलेल्या माणसाला मात्र विचारून बघा. वळणावर वेग वीसवर येतो, म्हणजे सरासरी राखायला पुढच्या सरळ पट्ट्यात सत्तर गाठावे लागतात. त्या सरळ पट्ट्यात खाली बर्फ असेल तर सत्तरला गाडी रस्त्यावर राहत नाही. रस्ता खुला असल्याने समोरून दूधवाल्याची गाडीही येऊ शकते.

हिशेब असा चालतो

समजा सरासरी दिली आहे ताशी ४८ किलोमीटर. म्हणजे एका किलोमीटरला ७५ सेकंद. सुटल्यापासून ७.४ किलोमीटरवर गाडी ९ मिनिटं १५ सेकंदांनी असायला हवी, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. वेळ कुठे तपासणार ते सांगत नाहीत. तपासणीची ठिकाणं गुप्त असतात आणि हल्ली नोंद गाडीत बसवलेल्या उपग्रह-यंत्रावरून होते. त्यामुळे शेवटी जोर लावून भरून काढू, हा आपला नेहमीचा उपाय इथे चालत नाही. प्रत्येक शंभर मीटरला बरोबर असावं लागतं.

हा हिशेब सांभाळतो तो चालकाच्या बाजूला बसलेला सहचालक. बक्षिसाच्या फोटोत तो एका कडेला असतो, पण नियमितता रॅली बहुतांशी त्याचीच असते. मांडीवर रस्त्याची वही, त्यात प्रत्येक वळणाची आकृती आणि अंतर. समोर चाकाच्या फिरण्यावरून अंतर मोजणारा ट्रिपमीटर. हातात घड्याळ आणि प्रत्येक सरासरीचं तयार कोष्टक. तोंडाने सतत चालू : "तीन सेकंद मागे... दोन मागे... बरोबर... एक पुढे, सोड जरा." चालकाने पाय त्या आवाजावर ठेवायचा, स्वतःच्या अंदाजावर नाही. पहिल्यांदा उतरलेल्या जोड्या फसतात त्या बहुतेक इथेच. चालकाला वाटतं आपण हळू चाललोय, सहचालक सांगतोय पुढे आहोत, आणि चालक त्याचं ऐकत नाही.

ट्रिपमीटर स्वतः खोटं बोलतो ही दुसरी अडचण. गाडीची पटवणी, म्हणजे मीटरचं माप आयोजकांच्या मापाशी जुळवणं, हे पहिलं काम. मीटर एक टक्का जास्त दाखवत असेल तर २० किलोमीटरमध्ये २०० मीटरचा फरक पडतो, आणि ४८ च्या सरासरीला तो १५ सेकंदांचा होतो. जिथे यादीतले शेजारी एकेका सेकंदाने मागे-पुढे असतात, तिथे १५ सेकंद म्हणजे दिवस गेला. त्यात टायर बदलला की चाकाचा घेर बदलतो. बर्फाच्या टायरची पटवणी वेगळी, साध्या टायरची वेगळी. जाणकार दोन्ही आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटवून ठेवतात.

बर्फावर तर चाक जागच्या जागी फिरतं. मीटर पुढे जातो, गाडी जात नाही. मग मीटर सांगतो ८ किलोमीटर झाले, खरे झालेले असतात ७.९. सहचालकाला वाटतं आपण पुढे आहोत, तो चालकाला हळू घे म्हणतो, आणि आधीच मागे पडलेली गाडी आणखी मागे पडते. उपाय एकच : वहीत दिलेली खूण, म्हणजे पूल, गावाची पाटी, किलोमीटरचा दगड, आली की मीटर त्या आकड्यावर आणून बसवायचा. रात्रीच्या अंधारात, बर्फाने अर्धी झाकलेली पाटी ओळखून. वाट चुकली तर त्याहून वाईट. ३०० मीटर चुकीच्या रस्त्याने जाऊन परत आलात तर मीटरमध्ये ६०० मीटर फुकट वाढले. ते वजा करायचे आणि वेळ मात्र वजा होत नाही.

बर्फ, टायर आणि सावली

स्वीडन किंवा फिनलंडच्या रॅलीत सगळीकडे बर्फ असतो, म्हणून तिथे निवड सोपी असते : लोखंडी खिळे बसवलेले अरुंद टायर. कडेला साचलेल्या बर्फाच्या भिंतीला गाडी हलकेच टेकवून वळण काढायची तिथे रीत आहे. मोंटे कार्लोचं दुखणं वेगळं. घाटाच्या दक्षिणेकडच्या उतारावर ऊन असतं आणि डांबर कोरडं, शिखर ओलांडून उत्तरेकडे उतरलं की सावली आणि काचेसारखा बर्फ. खिळ्यांचे टायर कोरड्या डांबरावर झिजतात, खिळे उपटून निघतात आणि ब्रेकचं अंतर वाढतं. साधे टायर बर्फावर काही कामाचे नाहीत. कोणते लावायचे हा निर्णय घाटाच्या पायथ्याशी घ्यायचा असतो, आणि तो चुकला तर वर पोहोचेपर्यंत बदलता येत नाही. शिवाय जर्मनीत सार्वजनिक रस्त्यावर खिळ्यांच्या टायरना मुळात बंदी आहे, त्यामुळे तिथून निघणाऱ्याला टायरचा दुसरा संच कुठेतरी पुढे ठेवावा लागतो.

थंडी जास्त तर घसरण जास्त, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात शून्याच्या आसपासचा बर्फ सर्वांत दगाबाज, कारण त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे वीसला तोच बर्फ कोरडा आणि बऱ्यापैकी पकड देणारा. म्हणून संध्याकाळी वितळलेलं पाणी रात्री पुन्हा गोठतं तेव्हा अनुभवी जोड्या सावध होतात.

याच कारणाने मोंटेत बर्फाच्या नोंदी घेणारी वेगळी टोळी असते. अजिंक्यपदाच्या रॅलीत प्रत्येक मोठ्या संघाची माणसं स्पर्धा सुरू होण्याआधी रस्त्यावरून जाऊन येतात आणि कोणत्या वळणावर ओलं, कुठे गोठलेलं, कुठे कोरडं याच्या खुणा चालकाच्या वहीत करून देतात. हौशी लोकांमध्ये ज्यांना परवडतं ते मित्राला दुसऱ्या गाडीने पुढे पाठवतात. बाकीचे पुढच्या वळणाला जे असेल ते असेल म्हणून जातात. पैशाचा फरक इंजिनापेक्षा इथे जास्त दिसतो.

चालवण्याचं तंत्र थोडक्यात सांगायचं तर ब्रेक वळणाच्या आधी, चाकं सरळ असताना. वळणात ब्रेक दाबला तर चाकं लॉक होतात आणि गाडी सरळ खड्ड्याकडे जाते. साब आणि मिनी या छोट्या गाड्या बर्फात का जिंकल्या, याचंही कारण साधं आहे. इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर आणि ओढही त्याच चाकांना, त्यामुळे पकड मिळते. एरिक कार्लसनने साब ९६ घेऊन १९६२ आणि १९६३ असं लागोपाठ दोनदा मोंटे जिंकलं ते याच बळावर. डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्याने ॲक्सिलरेटर एकाच वेळी, ही स्कँडिनेव्हियन चालकांची युक्ती हौशी माणसाने मोकळ्या मैदानात शिकावी. घाटात पहिला प्रयोग नको.

शेवटची रात्र

मोंटेची प्रसिद्ध जागा म्हणजे कोल द तुरीनी. उंची १६०७ मीटर, आपल्या कळसुबाईहून किंचित कमी. वर जायला आणि उतरायला एकामागून एक कडक वळणं. इथे रात्री हजारो लोक शेकोट्या पेटवून उभे असतात आणि काही उत्साही मंडळी कोरड्या रस्त्यावर मुद्दाम फावड्याने बर्फ टाकतात, गाडी कशी घसरते बघायला. चालकांना याचा राग येतो आणि तो रास्तच आहे.

इथपर्यंत येईतो हौशी जोडीची झोप संपलेली असते. कारखान्याच्या संघात चालकाला चालवणं एवढंच काम. हौशी माणूस गाडी चालवतो, तपासतो, टायर बदलतो, पेट्रोल भरतो, हॉटेल शोधतो आणि मग दोन तास डोळा लावतो. चुका तिसऱ्या रात्री होतात. गणितात हातचा राहून जातो, सहचालक वहीची दोन पानं एकदम उलटतो. म्हणून जुने स्पर्धक गाडीच्या ताकदीवर खर्च करण्याआधी चांगल्या दिव्यांवर, गरम राहणाऱ्या काचेवर आणि आरामशीर सीटवर खर्च करा म्हणतात. गाडीत फावडं, ओढायचा पट्टा, जॅकखाली ठेवायची फळी, टॉर्च, जाड हातमोजे आणि घोंगडी असावीच, आणि डिकीत खाली नव्हे, हाताशी. गाडी खड्ड्यात गेली की पहिला शत्रू थंडी असते. बंद रस्त्याच्या रॅलीत वहीबरोबर दोन खुणांचा फलक देतात : एका बाजूला 'ठीक', दुसऱ्या बाजूला मदतीची हाक. अपघात झाल्यावर मागून येणाऱ्याला त्यातली योग्य बाजू दाखवणं हे चालकाचं पहिलं काम, गाडी बघणं नंतर.

हौसेचं मोल

हौसेला मोल नाही म्हणतात. इथे आहे, आणि बरंचसं आगाऊ भरावं लागतं. प्रवेश शुल्क हा त्यातला लहान भाग. टायरचे दोन-तीन संच, विमा, मदतीची गाडी आणि तिच्यातल्या माणसांचं राहणं-खाणं, जुन्या गाडीचे सुटे भाग, आणि रॅली संपल्यावर मिठाने खराब झालेल्या तळाची दुरुस्ती. बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते पत्रा खातं. हे शेवटचं कलम नवखे लोक अंदाजपत्रकात धरतच नाहीत. बक्षिसाच्या रकमेतून यातलं काही निघेल, हा विचार सोडूनच द्यायचा. चषक मिळतो, फलक मिळतो, खर्च खात्याच्या नावे पडतो.

भारतातून जाणाऱ्याला कागदपत्रं वेगळी. आयोजक सांगतील त्या दर्जाचा स्पर्धा-परवाना भारतात एफएमएससीआय ही मोटारक्रीडेची राष्ट्रीय संस्था देते. शिवाय आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि व्हिसा. स्वतःची गाडी परदेशी न्यायची तर सीमाशुल्काचं कार्ने आलं. हे सगळं बघता तिथलीच गाडी भाड्याने घेणं व्यवहाराचं ठरतं, आणि जुन्या रॅली-गाड्या तशा भाड्याने देणारे युरोपात आहेत.

बर्फच कमी झाला तर

या खेळापुढचा खरा प्रश्न पैशाचा नाही. स्वीडनची रॅली १९९० साली बर्फच नसल्याने रद्द करावी लागली. २०१६ ला पुन्हा ऊबदार हवेने अनेक टप्पे गाळावे लागले. अखेर २०२२ पासून ती वर्मलंड प्रांत सोडून बरीच उत्तरेला, उमेओला गेली. खिळ्यांचे टायर बर्फाविना खालच्या मातीत घुसतात, रस्ता उखडतो, आणि गावकरी पुढच्या वर्षी परवानगी द्यायला कुरकुरतात. फिनलंडच्या रोव्हानिएमीतली आर्क्टिक लॅपलँड रॅली उत्तर ध्रुववृत्तालगत असल्याने सुरक्षित आहे. तिथे मिका हॅकिनेन, किमी रायकोनेन, वाल्टेरी बोटास या फॉर्म्युला वनच्या चालकांनीही भाग घेतला आहे, त्याच टप्प्यांवर जिथे गावातले हौशी लोक आपल्या जुन्या गाड्या पळवतात. दक्षिणेकडच्या घाटांना मात्र ही खात्री राहिलेली नाही.

इथून सुरुवात कशी करायची

बर्फ आपल्याकडे नाही, पण खेळाचा अर्धा भाग बर्फाविना शिकता येतो. टीएसडी रॅली महाराष्ट्रात होतात. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन महिलांसाठी घेत आलेली रॅलीही याच पद्धतीची. त्यात घरची साधी गाडी चालते, आणि गणित तेच.

त्याआधीचा सराव तर फुकट आहे. पुणे-बेंगळूर महामार्गावर किलोमीटरचे दगड आहेत. एका दगडाशी मीटर शून्य करायचा आणि दहा दगड मोजून गाडीचा मीटर काय दाखवतो ते बघायचं. १० किलोमीटरला १०.२ दाखवत असेल तर तुमच्या गाडीचा गुणक ०.९८. मीटरच्या प्रत्येक आकड्याला त्याने गुणलं की खरं अंतर मिळतं. मग शेजारच्या सीटवर घड्याळ घेऊन कोणाला तरी बसवायचं, रहदारी कमी असलेला रस्ता निवडायचा, ताशी ४० ची सरासरी धरायची, म्हणजे किलोमीटरला ९० सेकंद, आणि दर दगडाला किती सेकंद पुढे-मागे होतो ते लिहीत जायचं. हवा तपासून, टायर गरम झाल्यावर मोजावं. थंड टायरवर घेतलेला गुणक थोडा वेगळा येतो.